स्प्लेंडरचं हाफ इंजिन घरच्या घरी

आमच्या घरी वडिलांची जुनी स्प्लेंडर आहे. सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला आणि दर आठवड्याला ऑइल टाकावं लागायला लागलं, तेव्हा ज्याला त्याला विचारलं तर उत्तर एकच मिळालं: "ब्लॉक-पिस्टन किट टाका, मोकळे व्हा." कोणी काही मोजलं नव्हतं. मी ते इंजिन घरीच खोललं आणि नंतर नातेवाइकांची आणखी तीन इंजिनं केली. त्या अनुभवावरून सांगतो, गॅरेजमध्ये मिस्त्रीकडे हात असतो पण वेळ नसतो. घरी वेळ असतो, आणि हे काम सगळं वेळेचंच आहे. मोजायचं, लिहून ठेवायचं, धुवायचं, पुन्हा मोजायचं.

हा लेख कार्ब्युरेटरवाल्या ९७.२ सीसी इंजिनाबद्दल आहे. १९८५ साली आलेल्या सीडी १०० मध्ये हाच आडवा सिलिंडर होता, १९९४ च्या स्प्लेंडरमध्ये आला आणि पुढे पॅशन, सीडी डिलक्स अशा गाड्यांमध्ये चालत राहिला. मांडणीचं मूळ होंडाच्या १९५८ च्या सुपर कबमध्ये आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५, दोन वॉल्व, डोक्यावर एक कॅम, पाणी नाही, पंप-पाइपांचं जंजाळ नाही. शिकायला यापेक्षा सोपं इंजिन मला माहीत नाही. इथे फक्त हाफ इंजिनाचं, म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन आणि वॉल्वचं काम सांगतो. क्रँक आणि गिअरबॉक्स हा वेगळा विषय आहे, त्याला प्रेस लागते.

खोलण्याआधी खात्री

धुराचा रंग आणि वेळ दोन्ही बघा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिल्या किकला निळा भपका येऊन मग धूर थांबत असेल, तर बहुतेक वॉल्व सील (वॉल्वच्या दांडीवरचे रबरी टोप) गेलेत. उतारावर पिकअप सोडून पुन्हा दिल्यावर धूर आला तरी संशय सील आणि गाइडवरच (वॉल्वची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यावरच) घ्यायचा. पिकअप दिलं की सतत निळा धूर येतो, चढाला गाडी ओढत नाही आणि ब्रीदरच्या नळीतून फुंकर येते, तेव्हा रिंगा आणि बोअर संपत आलेले असतात. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. त्यासाठी इंजिन खोलू नका, कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर बघा. थंडीतला सकाळचा पांढरा धूर ही नुसती वाफ असते.

कॉम्प्रेशन गेज मिळाला तर गाडी गरम करून, प्लग काढून, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवून किका मारा आणि आकडा लिहा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा बराच वाढला तर गळती रिंगांतून आहे, तेवढाच राहिला तर वॉल्वमधून. आपला सिलिंडर आडवा असल्यामुळे ऑइल खालच्या बाजूला साचतं. म्हणून ऑइल सोडल्यावर आधी प्लगशिवाय चार-पाच किका मारून ते सगळीकडे पसरू द्या. नाहीतर चाचणी फसवते.

हत्यारं

८, १०, १२, १४ आणि १७ चे रिंग पाने आणि सॉकेट, टी-पाने, चांगला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, इम्पॅक्ट ड्रायव्हर, नोज प्लायर, रबरी हातोडा, फिलर गेज आणि जमलं तर छोटा टॉर्क रेंच. फिलर गेजशिवाय हे काम सुरू करू नका. पन्नास पाने नसले तरी चालतील, फिलर गेज हवाच. वॉल्वची स्प्रिंग दाबायचं हत्यार घरी होतं: मोठा सी-क्लॅम्प आणि वॉल्वच्या रिटेनरवर बसेल असा जाड पाइपाचा तुकडा. त्या तुकड्याला बाजूने खिडकी कापून घ्यायची, म्हणजे आतले लॉक दिसतात आणि चिमट्याने काढता येतात.

त्याशिवाय पॅकिंगचा पूर्ण सेट, वॉल्व सील, पिस्टन पिनचे नवे लॉक आणि वॉल्व घासायची पेस्ट. रिंगा किंवा पिस्टन आत्ताच आणू नका, मापं घेतल्यावर आणा. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. टॅपेटचा गॅप (रॉकर आणि वॉल्वमधली फट) आणि हेडच्या नटांचा टॉर्क मॉडेलप्रमाणे बदलतो, तो त्यातूनच घ्यायचा.

काम उघड्या हवेत करा. पेट्रोल काढून घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या गॅसपासून लांब ठेवा. बॅटरीची वायर सोडा. आणि इंजिन खोलण्याआधी गाडी धुवा, पंख्यांमधली, म्हणजे सिलिंडर थंड करणाऱ्या पट्ट्यांमधली, माती ब्रशने खरवडून काढा. ब्लॉक उचलताना तीच माती क्रँकमध्ये पडते.

इंजिन उतरवणं

आदल्या रात्री एक्झॉस्टच्या दोन नटांवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. कोकणात, खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीला हे दोन-तीन रात्री करावं लागतं. हे नट घाईने पिरगाळले की स्टड मोडतो, आणि मोडलेला स्टड हेडमधून काढणं हे हाफ इंजिनापेक्षा मोठं काम आहे.

इंजिन कोमट असताना ऑइल सोडा. सोडताना त्याखाली पांढरं भांडं ठेवा. करडी चकाकी साधारण चालते. पण बोटाला टोचणारे धातूचे कण निघाले तर काम वरच्यावर भागणार नाही हे तिथेच धरून चाला.

नवख्याने इंजिन फ्रेममधून उतरवूनच काम करावं. हेड आणि ब्लॉक स्टडांवरून सरळ पुढे ओढायचे असतात आणि पुढे फ्रेम असते. वाकड्या हाताने ओढलेल्या ब्लॉकने रिंगा मोडतात. सायलेन्सर, कार्ब्युरेटर, क्लच केबल, गिअर लिव्हर, पुढचं स्प्रॉकेट, वायरिंगचे कपलर, प्लग कॅप आणि शेवटी माउंटिंगचे बोल्ट, असा क्रम ठेवा. चेनचा लॉक काढला असेल तर तो कुठल्या तोंडाने होता ते बघा. बंद तोंड चेन जाते त्या दिशेला असतं. शेवटचा बोल्ट काढताना दुसरा माणूस हवा.

प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. मी त्याशिवाय पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जो बोल्ट जिथला तिथेच खोचून ठेवतो. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की आटे जातात किंवा कव्हर फुटतं.

हेड आणि ब्लॉक काढताना

प्लग काढा, टॅपेटची दोन्ही झाकणं काढा. हेडच्या डाव्या अंगाचं गोल झाकण काढलं की कॅमचं स्प्रॉकेट दिसतं. डाव्या कव्हरवरच्या झाकणांतून मॅग्नेट डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट फिरवा आणि पिस्टन पूर्ण वर आल्याची 'टी' खूण खाचेसमोर आणा. त्याच वेळी कॅम स्प्रॉकेटची गोल खूण हेडवरच्या खाचेसमोर यायला हवी. नाही आली तर आणखी एक फेरा द्या. जुळल्यावर दोन्ही रॉकर (वॉल्व दाबणारे दांडे) हाताने थोडे खडखडतात. इथे फोटो काढाच, बांधताना हाच फोटो समोर ठेवायचा आहे.

टायमिंग चेनचा ताण सोडायला इंजिनाच्या खालच्या अंगाला टेन्शनरचा बोल्ट आहे. आत स्प्रिंग असते, ती जपून काढा. स्प्रॉकेटचे बोल्ट काढून चेन तारेने बांधून ठेवा.

हेडचे चार नट एकदम न सोडता तिरके-तिरके, पाव-पाव फेरा देत सोडा. चारही नट आणि वायसर सारखे नसतात. एका स्टडशेजारून ऑइल वर जातं, तिथे तांब्याची वायसर असते. ती जागा चुकली तर बांधलेल्या इंजिनातून पहिल्याच दिवशी ऑइल पाझरतं.

नट निघूनही हेड हलत नाही म्हणून लोक हातोडा घेतात. थांबा. हेडच्या बाजूला एक बारीक बोल्ट असतो, ब्लॉकच्या बुडाशीही एक असतो आणि ब्लॉकच्या बाजूने चेनच्या रोलरची पिन आत गेलेली असते. हे तिन्ही काढल्याशिवाय काहीही सुटत नाही. पंखे फुटलेले जे ब्लॉक दिसतात त्यातले बरेच याच विसरण्याने फुटलेले असतात. सगळं काढल्यावर रबरी हातोड्याने जाड भागावर हलके ठोके पुरतात.

ब्लॉक बोटभर वर आला की थांबा आणि पिस्टनखाली क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड घट्ट कोंबा. पहिल्या इंजिनाच्या वेळी मी कापड नुसतं वर पसरलं होतं. पिनचा लॉक नोज प्लायरमधून सुटला, टण्णकन आवाज आला आणि तो गायब. तो आत गेला की अंगणात, हे कळेना. इंजिन तिरकं करून, चुंबक दोऱ्याला बांधून आत फिरवत, दुपार गेली. निघाला तो क्रँकच्या वजनाला चिकटलेला. तसाच राहिला असता तर किक मारताच केस फुटली असती. तेव्हापासून मी कापडाचे दोन बोळे कोंबतो आणि लॉक काढताना त्यावर अंगठा धरतो.

पिन हाताने ढकलून निघते. घट्ट असेल तर पिस्टनवर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं धरा, पण रॉडला धक्का देऊन ठोकू नका. आता रॉड धरून वर-खाली खेचा. उभा खेळ अजिबात नको. बाजूला थोडा सरकतो, ते बरोबर आहे. उभा खटका लागला तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेली आहे. मग इथेच थांबून क्रँकचं काम करून घ्या, वर नवा पिस्टन टाकून पैसे घालवू नका.

मोजमाप, म्हणजे खरं काम

बोअर गेज महाग असतो आणि आपल्याकडे नसतो. पण रिंग हाच गेज आहे. वरची रिंग पिस्टनवरून काढून ब्लॉकमध्ये ठेवा आणि पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ बसवा. वाकडी बसली तर माप खोटं येतं. तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेजची पाती सरकवून बघा. पाती किंचित अडखळत जाते ते खरं माप. आधी ब्लॉकच्या अगदी बुडाशी मोजा, तिथे रिंग कधी फिरतच नाही, म्हणून बोअर जवळपास नव्यासारखा असतो. मग वर मोजा, जिथे रिंग येऊन परत फिरते आणि बोटाला बारीक काठ लागतो, त्याच्या जरा खाली.

आमच्या गाडीत बुडाशी ०.२८ आलं आणि वर ०.६०. फरक ०.३२. रिंग म्हणजे परीघ, तेव्हा या फरकाला ३.१४ ने भागायचं. उत्तर येतं साधारण ०.१०. म्हणजे बोअर वरच्या बाजूला मिलिमीटरचा दहावा भाग मोठा झालाय, शंकूसारखा. अशा बोअरमध्ये नव्या रिंगा टाकल्या असत्या तर दर फेऱ्याला त्या उघडत-मिटत राहिल्या असत्या आणि काही महिन्यांत धूर परत आला असता. बोअरिंग करणं भागच होतं.

तेच माप दोन-तीन शतांशात असतं आणि भिंतीवर उभे ओरखडे नसते तर नुसत्या रिंगांवर आणि हलक्या होनिंगवर (भिंत बारीक दगडाने घासण्यावर) भागलं असतं. नव्या रिंगेचा गॅप साधारण ०.१५ ते ०.३० असतो. ०.५ च्या वर गेलेली रिंग मी परत घालत नाही. नवी रिंगही घालण्याआधी अशीच मोजा. गॅप फारच कमी निघाला तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि पिस्टन जाम होतो.

बोअरिंग करायचं ठरलं तर ०.२५ चा ओव्हरसाइज (तेवढा मिलिमीटर मोठा) पिस्टन आधी विकत घ्या आणि ब्लॉकसोबत मशीन शॉपमध्ये द्या. पिस्टनच्या मापाने बोअर करायचा असतो. पिस्टन न देता "पाव मिलिमीटर करून द्या" असं सांगून मी एकदा ब्लॉक आणला. पिस्टन सैल बसला आणि थंड इंजिन चहाच्या कपात चमचा हलवल्यासारखं वाजू लागलं. ब्लॉक पुढच्या साइजला परत न्यावा लागला. होनिंगच्या रेघा भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या दिसायला हव्यात. आरशासारखी गुळगुळीत भिंत ऑइल धरत नाही.

ब्लॉक घरी आला की गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि ब्रश. पेट्रोलने किंवा डिझेलने होनिंगची बारीक पूड निघत नाही, रेघांत बसून राहते आणि नव्या रिंगांना सॅन्डपेपरसारखी खाते. पांढरं सुती कापड आतून फिरवा. ते करडं निघायचं थांबेपर्यंत धूत राहा. मला चार वेळा धुवावं लागलं होतं. कोरडं होताच लगेच ऑइलचा हात फिरवा, तासाभरात गंज धरतो.

वॉल्व

हेडमधला कॅम आणि रॉकर काढून वॉल्व बाहेर घ्या. इनलेट आणि एक्झॉस्टचे भाग दोन वेगळ्या डब्यांत ठेवा. कार्बन लाकडी पट्टीने किंवा पितळी ब्रशने काढा. स्टीलच्या स्क्रू ड्रायव्हरने अ‍ॅल्युमिनियमवर खोल ओरखडे पडतात.

वॉल्व गाइडमध्ये घालून थोडा बाहेर ठेवा आणि डावी-उजवीकडे हलवा. स्पष्ट डुगडुगला तर गाइड बदलणं मशीन शॉपचं काम आहे. गाइड ठीक असेल तर सीटवर (हेडमध्ये वॉल्व टेकतो त्या कडेवर) पेस्टचे तीन-चार ठिपके द्या आणि सक्शन कपाच्या काडीने वॉल्व दोन तळव्यांत घुसळणीसारखा फिरवा. मधूनमधून उचला, थोडा वळवा, पुन्हा घासा. सुरुवातीला खरखर येते, मग आवाज मऊ होतो. तो मऊ झाला की पुसून बघा. वॉल्वच्या तोंडावर साधारण एक मिलिमीटर रुंदीचा, अखंड, मंद करडा पट्टा दिसला पाहिजे. पट्टा तुटक असेल किंवा फार रुंद झाला असेल तर सीट कापून घ्यावी लागते.

पेस्टचा कण न कण धुवा. नवे सील बसवून वॉल्व जोडा, हेड उलटं ठेवून त्याच्या वाटीसारख्या खोलगट भागात पेट्रोल भरा आणि पोर्टमध्ये बॅटरीच्या उजेडात बघा. पाच मिनिटांत पोर्ट ओला झाला नाही तर हेड तयार. हेडचा तळ सरळ स्टीलपट्टीने तपासा, खालून ०.०५ ची पाती सहज जात असेल तर तळ घासून घ्यायला हवा.

बांधणी

पिस्टनच्या माथ्यावरची 'इन' खूण इनलेटकडे, म्हणजे आपल्या आडव्या इंजिनात वरच्या बाजूला येते. नव्या लॉकचं तोंड पिस्टनच्या खाचेशी जुळू देऊ नका आणि जुना लॉक परत वापरू नका. रिंगांवर कोरलेलं अक्षर पिस्टनच्या माथ्याकडे ठेवा. आधी तीन तुकड्यांची ऑइल रिंग, मग दुसरी, मग वरची, आणि गॅप एकमेकींपासून १२० अंशांवर.

जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा, नवं बसवा, डॉवेल (भाग जागेवर धरणाऱ्या छोट्या नळ्या) आणि ओ-रिंग विसरू नका. सिलिकॉन भरपूर लावायची सवय वाईट आहे. आत दाबलेलं सिलिकॉन तुटून ऑइलच्या बारीक वाटेत अडकतं आणि कॅम कोरडा राहतो.

ब्लॉक चढवायला चार हात लागतात. एकाने ब्लॉक धरायचा, दुसऱ्याने रिंगा बोटांनी एकेक दाबून आत द्यायच्या. ब्लॉकच्या बुडाला उतार दिलेला असतो, रिंगा त्यातून आपोआप जातात. अडलं तर जोर लावू नका. कुठलीतरी रिंग खाचेबाहेर आहे, मागे घेऊन परत बघा. चेन तारेने वर ओढून घ्या, रोलरची पिन बसवा, मग हेड.

'टी' खूण खाचेसमोर, स्प्रॉकेटची गोल खूण तिच्या खाचेसमोर, चेन खालच्या अंगाने ताणलेली. टेन्शनर बसवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. मध्ये कुठे कडक लागलं तर थांबा, वॉल्व पिस्टनला टेकत असेल. हेडच्या वरच्या कव्हरवरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवायचा. नट तिरके-तिरके, दोन-तीन टप्प्यांत घट्ट करा. ६ मिलिमीटरच्या साध्या बोल्टांना १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं. ज्या हाताला चाकाचे नट आवळायची सवय आहे, तो हात इथे आटे घालवतो.

उजवं कव्हर उघडायची तयारी असेल तर ऑइलची जाळी आणि क्रँकच्या टोकावरचा फिरता फिल्टर याच वेळी साफ करा. झिजलेल्या इंजिनाचा सगळा गाळ तिथेच चिकटून बसलेला असतो. त्याचे स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरनेच निघतात.

टॅपेट थंड इंजिनावर लावायचे, ३५ अंशांच्या खाली. विदर्भात उन्हाळ्यात हे पहाटेच करावं लागतं. पाती हलक्या घर्षणाने सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर परत मोजा.

पहिली किक

ऑइल १०डब्ल्यू-३०, जासो एमए दर्जाचं. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं ऑइल घातलं तर तो सरकायला लागू शकतो. प्लग न लावता तीस-चाळीस किका मारा, म्हणजे ऑइल वर पोचेल. मग प्लग लावून सुरू करा आणि टॅपेटचं एक झाकण थोडं सैल करून बघा, ऑइल दिसलंच पाहिजे. मिनिटभरात दिसलं नाही तर गाडी बंद करा आणि तांब्याच्या वायसरपासून, ओ-रिंगेपासून शोध सुरू करा. बांधताना लावलेलं ऑइल जळून पहिली काही मिनिटं धूर येतो, त्याला घाबरू नका.

पहिले ५०० किलोमीटर वेग ४५-५० च्या आत ठेवा, पण एकाच वेगाने चालवू नका. पिकअप द्या, सोडा, द्या, सोडा. नव्या रिंगा भिंतीशी याच दाबाने बसतात. घाटात डबलसीट नेऊ नका. ५०० ला ऑइल सोडा, ते बारीक चकाकीने भरलेलं दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी, किक मारण्याआधी, टॅपेट पुन्हा मोजा. आमच्या गाडीत एक्झॉस्टचा गॅप तेवढ्यात कमी झालेला निघाला होता, वॉल्व सीटमध्ये बसत होता. तो पुन्हा लावला आणि वहीत तारीख, किलोमीटर आणि दोन्ही मापं लिहून ठेवली.